पणजा तळ्यावर नव्हता

आमच्या घरात एक गोष्ट पक्की झालेली. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर माझा पणजा होता. बाबासाहेबांच्या मागं चालत गेला, ओंजळीनं पाणी प्याला आणि रक्तानं भिजलेला सदरा घेऊन घरी आला. शाळेत मी ही गोष्ट भाषणात ठोकून टाळ्या घेतल्यात. सूतगिरणीत लागल्यावर तिच्यावर कविताही केली.

मागच्या मार्चात रजा टाकून महाडला निघालो तशी आजी म्हणाली, "जातोस तर जा. पण तुझा पणजा तिथं नव्हता रे."

मग सगळं सांगितलं. खोतानं आदल्या दिवशीच निरोप धाडलेला. महाडला जाणाऱ्यानं परत गावात पाऊल ठेवायचं नाही. घरात तान्हं पोर. पणजा घरीच राहिला. रात्री मार खाल्लेली माणसं वाडीत आली, त्यांच्या जखमा तो धूत बसला. सदऱ्यावरचं रक्त त्यांचं.

दोस्तांनो, एसटीत बसलो तेव्हा मला पणजाची लाज वाटत होती. खरं तेच लिहितो.

महाडात तळ्याला फेरी मारली. जवळच्या एका दुकानात चहा घेताना म्हाताऱ्या मालकाशी बोलणं निघालं. तो म्हणाला, "आमच्या घरातलं कोणी नव्हतं हो त्यात. मारणारे सगळे बाहेरचे."

म्हणजे त्याचा आजा मारायला नव्हता आणि माझा पणजा मार खायला होता! दोन घरं, दोन खोटी. एकसारखी का?

नाहीत. एक खोटं मारलेला हात झाकतं, दुसरं भ्यालेली छाती. महाड नगरपालिकेनं १९२४ सालीच तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता. १९२३ च्या बोले ठरावाचा आधार होता. तरी तीन वर्षं आपल्या माणसाचा हात पाण्याला लागला नाही. परिषदेला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं भरलेलं, ठराव झालेला, आणि पाणी विकत! मधे काय उभं होतं? हीच गावं. हेच सगळं बघून गप्प राहणारे लोक. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि जेवत बसलेल्या माणसांवर काठ्या पडल्या. पुढं १०८ घागरी पंचगव्य ओतून पाणी 'शुद्ध' केलं. ४ ऑगस्टला नगरपालिकेनं ठरावच मागं घेतला. हे सगळं बाहेरच्यांनी केलं काय? गावात मुसलमानांची घरं होती, त्यांनी आपल्या माणसांना आत घेतलं. त्यांची नावं आपण तरी कुठं सांगतो?

पण माझ्या घरातल्या खोट्याचंही नुकसान आहे, आणि ते आपलं आहे. सगळेच गेले होते असं म्हटलं की भीती पुसली जाते. भीती पुसली की खोताचा निरोपही पुसला जातो. मग तळ्यापर्यंतची वाट सरळ, सोपी दिसायला लागते. जे खरंच गेले त्यांनी काय पणाला लावलं होतं ते कळायला माझ्या पणजाचं घरी बसणं माहीत असावं लागतं.

आणि धैर्य तरी एकाच जातीचं असतं काय? त्याच वर्षी डिसेंबरात माणसं तुरुंगात जायच्या तयारीनं महाडात जमली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. कोर्टाचा मनाई हुकूम होता म्हणून मिरवणूक तळ्याला वळसा घालून पाणी न पिता परतली. ओठ कोरडेच. हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. या दहा वर्षांत पुढारी मुंबईला होते. गावात कोण होतं? २१ मार्चलाही त्याच खोताच्या दारावरून ज्यांना जावं लागलं, ती माणसं. त्यांचं काय झालं हे आपल्या भाषणात येत नाही, कारण भाषण २० तारखेलाच संपतं.

माझा पणजा वीर नव्हता. गेला नाही ते चुकलंच त्याचं, मी सारवासारव करणार नाही. पण रात्रभर त्यानं दार उघडं ठेवलं, आणि खोताला तेही कळणारच होतं.

संपादकांनी ती कविता मागितली होती. ती फाडली, हे लिहिलं. आजीला त्या रात्री आलेल्या जखमी माणसांची नावं विचारली. तिला दोनच आठवली. पुढच्या सुट्टीत तिला घेऊन वाडीत जायचं आहे, अजून तिच्या वयाच्या दोघीतिघी तिथं आहेत.