एका पेल्यातून सर्वांना



गावच्या हॉटेलाबाहेर वळचणीला खोचलेली वेगळी कपबशी आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहे. आपणच ती विसळायची आणि वरून ओतलेला चहा उकिडवे बसून प्यायचा. म्हणून चहा कोण कोणाला कसा देतो, हा प्रश्न आपल्याला क्षुल्लक नाही. व्हिएतनाममध्ये तो कसा देतात ते पाहा.

तेथील हिरव्या चहात दूध-साखर नसते. थाय न्गुयेन भागात कोवळा शेंडा व खालची दोन पाने खुडून ती तापल्या भांड्यात परततात, म्हणजे पान काळे पडत नाही. मग ती वळून सुकवायची. पहिला घोट तुरट लागतो, गोडवा मागाहून येतो. सुओई झांगच्या डोंगरात तर शेकडो वर्षांची चहाची झाडे आहेत. मोंग जमातीचे लोक त्यांवर चढून पाने काढतात. हनोईच्या पश्चिम तलावावर पहाटे कमळे तोडून त्यांच्या परागकोशांच्या टोकांवरील पांढऱ्या कणांचा सुवास चहाला देतात. एका किलोला हजाराहून अधिक फुले लागतात! आता सांगा, पेल्यात एकटा चहा असतो काय? पाऊस, माती, खुडणाऱ्या बाईची बोटे, सारे त्यात आहे. प्रतीत्यसमुत्पाद तो हाच.

ओतण्याची रीत तर ध्यानात ठेवण्याजोगी. किटलीतला पहिला चहा फिका, शेवटचा कडक. म्हणून तो आधी एका मोठ्या पेल्यात घेतात आणि त्यातून लहान पेल्यांत वाटतात, म्हणजे सर्वांना सारखाच मिळतो. मोठा पेला सेनापती, लहान ते शिपाई. नाव सेनापतीचे, काम पाणक्याचे!

पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढेही तेथे चहा ठेवतात. तो भाग आपल्यासाठी नव्हे. बावीस प्रतिज्ञांत श्राद्धाला जागा नाही. आपण घ्यावे ते भिक्खू थिच न्हात हान्ह यांच्याकडून. ह्युए शहराजवळच्या विहारात वयाच्या सोळाव्या वर्षी ते श्रामणेर झाले. युद्ध थांबवा म्हणाले, म्हणून १९६६ पासून त्यांना मायदेश बंद झाला. १९८२ मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये विहार उभारला. २००५ मध्ये ते प्रथम मायदेशी जाऊ शकले, आणि २०२२ मध्ये त्याच जुन्या विहारात त्यांचे निर्वाण झाले.

त्यांच्या विहारात चहा हेच ध्यान. भिक्खू आणि गृहस्थ गोलाकार बसतात, पेला दोन्ही हातांत धरतात, श्वासावर लक्ष ठेवून सावकाश पितात. सम्यक स्मृतीचाच हा अभ्यास. त्याला ना पुरोहित लागतो ना दक्षिणा. मुलेही बसतात. त्यांना चहाऐवजी सरबत देतात.