तारेत जन्मलेल्यांचा प्रश्न

माझी आजी साल सांगायची नाही. ‘तारेत होतो तवा’ आणि ‘तार निघाल्यावर’, एवढेच तिचे दोन काळ. सोलापूरच्या काटेरी तारेनं वेढलेल्या सेटलमेंटमध्ये ती जन्मली. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 नंतर आमच्या भागातही लागू झाला आणि तिची अख्खी जमात चोर ठरली. गिरणीतून दमून आलं तरी हजेरी. सोयऱ्याच्या गावी जायचं तर पास. तिनं जन्मात कुणाच्या शेतातलं कणीस मोडलं नव्हतं.

मला हा धर्माचा प्रश्न वाटतो. जसं कर्म तसं फळ, असं आपण लेकरांना शिकवतो. इथं कर्म घडण्याआधीच फळ पदरात घातलं. सोलापूर हे सिद्धरामेश्वरांचं गाव. माणूस जन्मावरून तोलू नका, असं बाराव्या शतकात त्यांच्यासारख्या शरणांनी सांगितलं. त्याच गावात पाळण्यातल्या पोराभोवती काटेरी तार होती.

31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा देशभरातून गेला. पण सुटका निखळ नव्हती. या कायद्याची चौकशी करणाऱ्या अय्यंगार समितीनं तो रद्द करायला सांगितलं आणि त्याच अहवालात सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदाही सुचवला. मुंबई राज्यानं 1959 मध्ये तसा केला. जमातीऐवजी माणूस आला, हा फरक मोठा आहे, मी तो नाकारत नाही. तरी चौकीतल्या संशयानं आमची वस्ती सोडली नाही.

चोरीची भीती खोटी नसते. माझंही घर फुटलंय. म्हणून चोर सापडावा हे मी हक्कानं मागते. शेजारणीचं पोर आधीच नोंदवून ठेवा, हे मागायचा हक्क मला नाही.

नोंदवून ठेवण्याची ही सवय आजही आहे. ओळखीच्या नोंदींच्या 2022 च्या कायद्यानं अटकेतल्या माणसाच्या बुबुळांची नोंदही घेता येते, ती 75 वर्षं जपता येते. निर्दोष सुटला तर पुसायची, तीही न्यायालयानं किंवा दंडाधिकाऱ्यानं वेगळा हुकूम दिला नाही तर. हद्दीचं रक्षण, दहशत, चोऱ्या यांचं नाव निघालं की सभागृहात आधी कडक कायदा मंजूर होतो. लोकांवरचा पहारा कमी करण्याचं ‘नंतर बघू’ होतं. निरपराध माणसाची मोकळीक ही अशी गहाण ठेवायची वस्तू नाही. ती त्याचीच आहे. सरकारनं ती अटी घालून परत देणं हा मला अधर्म वाटतो.

मत मागायला दारात येतील, तेव्हा त्यांना एवढंच विचारा: ज्यानं काही केलेलं नाही, त्याची नोंद तुम्ही कशाच्या बदल्यात ठेवणार आहात?