पंक्तीत शेजारी कोण?

उमरग्याहून सोलापुरास जाताना रस्त्यालगतच्या उडुपी उपाहारगृहात आपण इडली, डोसा व सांबार आवडीने खातो. उडीद व तांदूळ आंबवून केलेले ते रुचकर अन्न देवाचेच दान होय. त्यात सुख मानणे पाप नव्हे. तेथे शेजारचा कोण, हे कोणी पुसत नाही. आपल्या वाडवडिलांस दाराबाहेर निराळ्या बशीत चहा मिळे. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने जातीवरून असा मज्जाव करण्यास बंदी झाली.

हल्ली आपल्या लग्नमंडपातही इडलीचे पात्र चढते. परंतु पंक्ति? पहिलीस पगारदार, शेवटचीस मजूर व विधवा. आणि पूर्वाश्रमीची जात कुजबुजत असतेच. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे, पण याकोबाकडील माणसे येताच भिऊन मागे सरला, पौलाने त्यास तोंडावर दोष दिला (गलती. २). उपाहारगृहात जे पैशाने साधते, ते मंडळीत प्रीतीने साधू नये काय?

गेल्या वैशाखात मी मानाच्या पंक्तीस बसलो होतो. वाढप्या एका वृद्ध बाईस म्हणाला, “तुम्ही थांबा.” मी ते ऐकिले, आणि जेवीतच राहिलो.