पाण्याची भीती

नागपूरला समुद्र नाही. तरीही फुटाळ्याच्या काठास लोक चौपाटी म्हणतात, आणि यात आम्हांस काही वावगे वाटत नाही. समुद्र ज्या गावापासून शेकडो मैल दूर, त्या गावाने भोसल्यांच्या काळी बांधलेल्या तळ्यावरच आपली हौस भागवून घ्यावी हे स्वाभाविक आहे. मे महिन्याच्या सुट्टीत पाहुणे येतात, दिवसभर खोल्यांतून कूलरची घरघर चालते, आणि ऊन कलले की आत्या, मामा, मावश्या व त्यांची मुले असा सारा लवाजमा तळ्याकडे निघतो. तेथे भाजलेली कणसे असतात, फुगे असतात, गर्दी तर असतेच. या गलबल्यात एक वाक्य मात्र दर दहा पावलांवर ऐकू येते: ‘पुढे जाऊ नकोस!’

या वाक्यामागील प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मुलास पाण्याची भीती घालावी काय? आणि घालावयाची झाल्यास ती खोटी असली तरी चालेल काय?

जुन्या काळच्या आजीबाईंनी हा प्रश्न आपल्यापुरता निकालात काढला होता. विहिरीच्या अगर डोहाच्या काठी त्या साती आसरांचे नाव घेत. शेंदूर फासलेले सात दगड आणि ‘आसरा ओढून नेतात हो!’ हे एक वाक्य, एवढ्यावर मूल पाण्यापासून चार हात दूर राही. पुढे शिकलेल्या पिढीने आसरांना रजा दिली. हे योग्यच झाले. खोट्यावर उभी असलेली भीती ते खोटे उघडकीस येताच नाहीशी होते, आणि मग मूल पूर्वीपेक्षाही बेफिकीर बनते. शिवाय एकदा फसविले गेलेले मूल बापाच्या खऱ्या इशाऱ्यावर तरी का म्हणून विश्वास ठेवील? तथापि न्यायाने पाहता आजीबाईंच्या शिकवणुकीत एक गोष्ट अशी होती की जी आपल्या ‘पुढे जाऊ नकोस’मध्ये नाही. ज्या काठावर त्या भय दाखवीत, त्याच काठावर त्या हळदकुंकूही वाहत. पाणी ही कोणी तरी मोठी वस्तू आहे, तिच्यापुढे जपून व नम्रपणे वागावे, इतके तरी मुलाच्या मनात त्यामुळे उतरत असे.

आसरांच्या जागी आता काय आले? एक कठडा आणि एक पाटी. त्यांत अलीकडे देखाव्याची भर पडली आहे. फुटाळ्यात उभारलेल्या कारंज्यांत पाण्याचाच पडदा करून त्यावर प्रकाशाने चित्रे उमटविण्याची योजना झाली. कारागिरी कौतुकास्पद खरी. परंतु मूल त्या वेळी चित्र पाहते, पाणी पाहत नाही. पाणी म्हणजे मोठ्या माणसांनी कळ दाबताच नाचणारा एक खेळ, अशी त्याची समजूत होऊ लागली तर नवल नाही.

पाणी कोणाच्या कळीवर नाचत नाही. 23 सप्टेंबर 2023 रोजी उत्तररात्री नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपलेल्या माणसांच्या उशाशी पाणी आले आणि काहींचे प्राण गेले. हाच तलाव एके काळी शहरास पिण्याचे पाणी पुरवीत असे. त्याआधी 9 जुलै 2017 रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून सहलीस गेलेली तरुण मुले बुडाली. नावेतून ती आपली चित्रे मोबाइलवरून मित्रांस थेट दाखवीत होती. त्यांस बोल लावणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते. पाणी हे चित्राच्या मागे शोभणारे काही तरी आहे, ही समजूत त्यांनी एकट्यांनी बनविलेली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, मुलांना पोहावयास शिकवा म्हणजे झाले. सानेगुरुजींच्या ‘श्यामची आई’त (1935) लपून बसलेल्या श्यामला आई मारते आणि विहिरीवर पोहावयास पाठविते. आपल्या मुलास कोणी भित्रा म्हणावे हे तिला सोसवत नाही. त्या माउलीच्या छडीचे समर्थन आम्ही करणार नाही, पण तिची दृष्टी आम्हांस मान्य आहे. पट्टीचे पोहणारेही बुडतात, ही शंकाही खोटी नाही. म्हणूनच आम्हांस पूर्व विदर्भातील ढीवरांच्या मुलांची आठवण होते. भंडारा-गोंदियाकडे कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांवर ती बापाबरोबर जाळे घेऊन वाढतात. पाय कोठे रुततो, वेली कोठे गुंततात, हे त्यांस ठाऊक असते. भीती त्यांनाही असते, परंतु त्या भीतीस ठावठिकाणा असतो. शहरातल्या मुलाची भीती आईच्या ओरडण्यात राहते, आणि आई दृष्टीआड झाली की तीही जाते.

सुट्टीतल्या एका संध्याकाळी ढीवराची विद्या देता येणार नाही हे उघड आहे. पण मे महिन्यात पाणी ओसरलेले असते, आणि काठाच्या दगडांवर त्याच्या जुन्या खुणा दिसतात. मुलाचा हात धरून त्या दाखवाव्या, आणि श्रावणात पाणी कोठवर चढत असेल ते त्यालाच विचारावे. बहुधा त्याचा अंदाज चुकेल. पाहुण्यांची मुले तोवर आपापल्या गावी गेलेली असतील. पाणी कोठवर आले ते त्यांस आठवणीने कळवावे.