समुद्र न गाठणारी लुनी

अजमेरजवळ अरवलीत उगम पावणारी लुनी नदी सुमारे ४९५ किलोमीटर वाहते आणि समुद्र न गाठताच कच्छच्या रणात जिरते. बालोतरा शहरापर्यंत तिचं पाणी गोड, पुढे खारट. तेही पावसाळ्यापुरतंच, एरवी नुसती वाळू!

तरी काठ ओस नाही. जोधपूरकडच्या प्राणी जपणाऱ्या बिश्नोई समाजाच्या गावांत चिंकारा नि काळवीट शेतशिवारात निर्धास्त चरतात. याच खोऱ्यातल्या जवाई धरणात मगरी आहेत, भोवतालच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांत बिबटे. आणि त्याच टेकड्यांखालून रबारी पशुपालक आपली गुरं हाकतात! बिबट्यानं एखादं जनावर नेलं, तरी ते सहसा सूड उगवत नाहीत.

बालोतराला मात्र कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं पात्रात उतरलं, भूजलही नासलं. कोरडं पात्र म्हणजे गटार नव्हे, एवढं तरी कारखानदारांना कळायला हवं होतं.