चिठ्ठी आणि औषधदान

मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी सुरू केली. करोनाचा रुग्ण इस्पितळात आला, की त्याच्या किंवा घरच्यांच्या संमतीने संगणक जणू चिठ्ठीच उचलायचा. याला औषध, त्याला फक्त नेहमीचे उपचार. औषधं नवी नव्हतीच. मलेरियाचं हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, दम्यापासून सांध्यांच्या सुजेपर्यंत वापरलं जाणारं डेक्सामेथासोन, अशी जुनी आणि स्वस्त.

वाचलं तेव्हा मला कसंसंच झालं. मरणाच्या दारातल्या माणसासाठी चिठ्ठ्या? आम्हा श्रावकांच्या चार दानांत औषधदान आहे. वाढताना कोणी चिठ्ठी टाकतं का?

पण जे दिलं ते औषध आहे हे ठाऊक नसेल, तर त्याला औषधदान तरी कसं म्हणायचं? आपल्याकडे तेव्हा हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवर लोक तुटून पडले होते. घरात कोणी आजारी नाही, तरी कपाटात पाकिटं. परिग्रहच तो, भीतीचा असला म्हणून काय झालं! आणि संधिवातासाठी, ल्युपससाठी ज्यांना ती गोळी रोज लागते, ते बिचारे मेडिकलच्या पायऱ्या झिजवत होते. पुढे ५ जूनला ‘रिकव्हरी’वाल्यांनी जाहीर केलं : १,५४२ जणांना ती दिली, ३,१३२ जणांना दिली नाही, दाखल रुग्णांचे मृत्यू काही तिने कमी झाले नाहीत.

डेक्सामेथासोनचं उलटं झालं. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबते, म्हणून पुष्कळ डॉक्टर ते द्यायला कचरत होते. त्यांचीही करुणाच. १६ जूनला निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र काहीच फायदा नाही.

‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ असा ढिला अर्थ लोक करतात. खरा अर्थ ‘एका अपेक्षेने’. ही गोळी तारते, पण श्वास अडलेल्याच्या अपेक्षेने. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपण गोळी लक्षात ठेवली आणि अपेक्षा विसरलो. मोबाइलवर फिरणाऱ्या चिठ्ठ्या बघून, ताप आल्या दिवसापासून घरीच स्टिरॉइड. त्यात मधुमेह असला तर काळ्या बुरशीला आमंत्रणच.

तेव्हा चिठ्ठी मला आता निर्दय वाटत नाही. ‘मला माहीत नाही’ हे तिच्यात कबूल केलेलं असतं, आणि कळल्याबरोबर ते सगळ्यांना वाटून टाकलेलं असतं. तरी एक राहतंच. डेक्सामेथासोन ज्यांच्या वाट्याला आलं नाही, असे ४,३२१ जण होते. त्यांतला एखादा ऑक्सिजनवर असताना गेला असेल, तर त्याच्या बायकोसमोर बसून हे सगळं मला बोलवलं असतं का? अजून तरी मला ते जमेलसं वाटत नाही.