२७ अंशांपुरतं खरं

सर्किट सिम्युलेशनच्या बहुतेक सॉफ्टवेअरला तापमान सांगितलं नाही, तर ते आपलं आपण २७ अंश सेल्सिअस धरून चालतं. हा हिशेबाच्या सोयीचा आकडा, ३०० केल्व्हिनला लागून असलेला. आपण मात्र त्यालाच हवामान मानून बसलो आहोत. बीईच्या प्रोजेक्ट रिपोर्टात एकच आलेख डकवलेला असतो, २७ अंशांचा, प्रत्येक पार्टची किंमत तंतोतंत छापल्याप्रमाणे आहे असं धरून काढलेला. खाली शेरा, ‘आउटपुट अपेक्षेप्रमाणे’. शेरा खोटा नाही. पण तो ‘नरो वा कुंजरो वा’ जातीचा खरा आहे.

बीसी५४७ हा गल्लीतल्या दुकानात मिळणारा ट्रान्झिस्टर घ्या. त्याची डेटाशीट सांगते की गेन ११० ते ८०० यांत कुठेही असू शकतो. १२ व्होल्टचा सप्लाय, कलेक्टरला १ किलोओहम, बेसला ५६० किलोओहम अशी साधी फिक्स्ड बायसची जोडणी केली, तर बेसमध्ये सुमारे २० मायक्रोअँपिअर जातात. गेन ३०० धरला की कलेक्टर ६ व्होल्टवर, बरोबर मधोमध. आलेख देखणा, गुण पक्के. आता गेनवर पॅरामेट्रिक स्वीप लावा, म्हणजे गेन टप्प्याटप्प्यानं बदलत आलेख काढा. ११०ला कलेक्टर पावणेदहा व्होल्टवर चढतो, ८००ला ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होतो आणि अँप्लिफायर उरतच नाही. बेसला व्होल्टेज डिव्हायडर आणि एमिटरला रेझिस्टर दिला, की हेच विखुरलेले आलेख एकमेकांजवळ येतात. खर्च म्हणाल तर दोन रेझिस्टर आणि एखादा कपॅसिटर.

तापमानाचंही तेच. सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टनं उतरतं. विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून बराच जास्त. त्या पेटीतला पंपाचा कंट्रोलर ऐन दुपारी रुसला, तर शेतकऱ्याला काय सांगतात? ‘लाइनला व्होल्टेज नसेल, काका.’ जी चाचणी टेबलावर व्हायला हवी होती ती त्याच्या पिकावर होते, त्याला न विचारता आणि त्याच्या खर्चानं. याला मी आळस म्हणत नाही, अन्याय म्हणतो.

एके काळी सबब होती. लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी बर्कलीत घडवलेला ‘स्पाइस’ हा सिम्युलेटर १९७३मध्ये जगापुढे आला, तेव्हा संगणकाचा वेळ महाग होता आणि एक रन म्हणजे पंच कार्डांचा गठ्ठा. आज ‘एनजीस्पाइस’ फुकट आहे, ‘एलटीस्पाइस’ फुकट आहे, त्यातल्या ‘एनजीस्पाइस’वरच उभारलेलं ‘ईसिम’ तर आयआयटी मुंबईनं विद्यार्थ्यांसाठी मोकळं ठेवलं आहे. ‘एलटीस्पाइस’मध्ये स्टेपची एक ओळ लिहिली की उणे ४० ते ८५ अंशांपर्यंतचे आलेख एकावर एक उमटतात. दहा पार्टची दोन-दोन टोकं घेतली तर १०२४ जोड्या होतात; साध्या सर्किटसाठी लॅपटॉप तेवढं चहा होईस्तोवर उरकतो.

स्वीप केला म्हणजे सुटलो, असंही नाही. इथे दुसरी लबाडी सुरू होते, आणि ती जास्त शहाण्या लोकांची असते. रेझिस्टरला तापमानाचा गुणांक दिला नाही, तर सिम्युलेटरच्या लेखी तो १२५ अंशांनाही जसाच्या तसा राहतो. शिवाय साध्या मॉडेलमध्ये सगळ्या पार्टचं तापमान एकच धरलेलं असतं. पॉवर ट्रान्झिस्टर स्वतःच्या उष्णतेनं भाजतोय, हे मॉडेलला ठाऊक नसतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर ‘१००० मायक्रोफॅरड’ छापलेलं असलं तरी २० टक्के कमी-जास्त चालतं असं कंपनीच सांगते. हे काहीच न भरता काढलेले रंगीत आलेख एका आलेखापेक्षा वाईट, कारण त्यांनी खात्री पटते.

मुलांना दोष देणं सोपं आहे. पण ओरलला आपण त्यांना विचारतो काय? ‘आउटपुट आलं का?’ आलं म्हटलं की पुढचा रोल नंबर. त्याऐवजी ‘तुमचं सर्किट कोणत्या तापमानाला आणि कोणत्या गेनला कोलमडतं?’ असं विचारावं आणि उत्तर देणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत, सर्किट कोलमडत असलं तरी. जर्नलमध्ये त्या बिघडलेल्या आलेखासाठी एक पान राखून ठेवायला विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. विभागप्रमुखांची सही पुरते.